बुधवारचे मासे

सूर्य उगवायला अवकाश होता, तरी नदीच्या वळणावर चाळीसएक होड्या जमल्या होत्या. बोरूंच्या दाट भिंतींमधल्या त्या रुंद पाण्यात शेकडो मासे तोंडं वर काढून होते. तोंडं उघडत होती, मिटत होती. होडीची सावली पडली तरी एकही मासा पळत नव्हता.

"सलाम करताहेत!" भाले मंतरून देणारा अबू नूर होडीत उभा राहून ओरडला. "मी हुफैझ बेट या डोळ्यांनी पाहिलंय! तिथल्या जिनांनी मला शब्द दिलाय. ज्याच्या भाल्यावर माझी फुंकर, त्याच्यापुढे मासा मान झुकवणार!"

दक्षिण इराकच्या या दलदलीच्या पोटात कुठेतरी सोन्याचं आणि डाळिंबांचं हुफैझ बेट आहे, असं आमच्याकडे लहानथोर मानतात. शेजारच्या होडीतून वबरियाआजी पुटपुटली, "हुफैझ पाहून आलेल्याचं बोलणं म्हणे कुणाला कळत नाही. हा तर फुंकरीच्या मोबदल्यात जेवायला बसला की साय किती जाड हवी तेही स्पष्ट सांगतो."

तिचं पुटपुटणं कुणी ऐकलं नाही. पुरुषांनी आजोबांचे पाच दात्यांचे भाले माळ्यावरून काढले होते. आमच्या टोळीत मासा भाल्यानेच मारायचा. जाळं टाकणं हलकं काम. जाळेवाल्याला कोणी मुलगी देत नाही, त्याच्याबरोबर कॉफीला बसत नाही. पाणी आटलं, मासे कमी झाले, भाले गंजले. आणि आता पाच महिने रिकामे गेल्यावर प्रत्येक भाल्याला मासा मिळत होता. माणसं रडत होती. त्यांना मी दोष देत नाही.

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्या दिवशी माझ्या पिशवीत एक अर्ज होता. पाण्याला आंबट वास येतो असं मी शहरातल्या पर्यावरण कार्यालयाला दोनदा कळवलं होतं. उत्तर आलं होतं : रहिवाशांच्या सह्यांची तक्रार असेल तरच नमुना घेऊ. मी तो अर्ज टोळीप्रमुख खय्यूनकाकांपुढे धरला.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का?" काका म्हणाले. "बरकतीविरुद्ध तक्रार करू? सरकारकडे?"

"काका, हे मासे मला आजारी वाटतात."

"तुम्हाला सगळंच आजारी वाटतं. मागच्या वर्षी माझी म्हैस वाटली होती."

"ती मेली, काका."

"म्हातारी होती!"

अबू नूर आमच्याकडे बघत होता. त्याने लगेच आवाज चढवला. "एक डाग मात्र उरलाय! जाळं! जिनांना जाळ्याचा राग आहे. पुढच्या बुधवारी चासिबची जाळी इथे जाळायची. चासिबने दलदल सोडायची. नाहीतर मासे परत खाली जातील!"

चासिब सगळ्यांच्या मागे, एका बाजूला, आपल्या होडीत बसला होता. गावातला एकटा जाळेवाला.  टोळीच्या माणसांसमोर त्याने बोलायचं नसतंच.

मला प्रश्न पडला. भाल्याचा चमत्कार करणाऱ्याला जाळ्याची भीती का?

दुपारी मी चासिबच्या बोरूंच्या बेटावर गेले. त्याची बायको भांडी बांधत होती.

"जाणार कुठे?" मी विचारलं.

"बसऱ्याला. हमाली." चासिब म्हणाला. "मला दुसरं काय येतं, बाई? जाळं येतं."

"तुझ्या जाळ्यात काय येतं हल्ली?"

त्याने मग कोपऱ्यातली टोपली उघडून दाखवली. मेलेली कोळंबी, मेलेले शिंपले, बोटाएवढे मासे. "भालेवाले वरचं बघतात. मी तळ उपसतो. वळणावर तळ मेलाय. खजुराच्या काकवीच्या कारखान्याच्या नाल्यापासून खाली सगळा. नाल्याच्या वर जाळं टाका, सगळं जिवंत आहे."

"आणि तिथले मासे सलाम करतात?"

"नाही. तिथले पळतात. माशासारखे."

मी वहीत तारखा लिहून काढल्या. पाच वेळा चमत्कार झाला होता, पाचही वेळा बुधवारी. रविवारी नाही, सोमवारी नाही. जिनांना बुधवार आवडत असेल. पण मला आधी नाल्याकडे बघावंसं वाटलं. खजुराच्या त्या कारखान्याचा नाला वळणाच्या तोंडाशी उघडतो. कडेच्या चिखलावर तपकिरी, चिकट थर होता. आंबलेल्या खजुराचा वास होता. तिथे म्हशींच्या खुरांच्या खुणा येत होत्या आणि पाण्यापासून हातभर अलीकडेच वळत होत्या.

पुढच्या बुधवारी पुन्हा होड्या जमल्या. बांधावर चासिबची जाळी रचली होती, शेजारी रॉकेलचा डबा. चासिबची बायको सामान भरलेल्या होडीत पाठ करून बसली होती. मासे तोंडं वर काढून होते.

"काका," मी म्हणाले, "जाळण्याआधी पाच मिनिटं द्या. अबू नूर यांच्या हातूनच करते."

मी शाळेतल्या दोन काचेच्या बरण्या पुढे केल्या. "दोन्हीत इथलंच पाणी भरा. तुमच्याच हाताने."

लोक बघत होते; त्याला भरावं लागलं. दुसऱ्या बरणीतलं पाणी मी वबरियाआजीकडे दिलं. "आजी, चहा निववल्यासारखं या पातेल्यातून त्या पातेल्यात ओता. उंचावरून. पन्नास वेळा."

"दही घुसळते मी रोज. पन्नासाचं काय सांगतेस!"

पाणी परत बरणीत आलं. चासिबने बुन्नी जातीचे दोन लहान मासे धरून एकेका बरणीत सोडले. पहिल्या बरणीतला वर येऊन तोंड उघडू लागला. दुसरीतला थोडा घुटमळला, मग खाली गेला आणि मधोमध शांत फिरू लागला.

"पाणी बाटलं!" अबू नूर ओरडला. "बाईमाणसाने ओतलं, बरकत उडाली!"

"मग परत आणा ना," मी म्हणाले. "जिनांनी तुम्हाला शब्द दिलाय. फुंकर मारा. याला वर बोलवा."

त्याने फुंकर मारली. मंत्र म्हटले. भाला पाण्याला लावला. मासा बरणीच्या तळाशी जाऊन काच चाटू लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "जोरात म्हण, त्याला ऐकू येत नसेल." लोक हसले. हसू त्याला झोंबलं.

मग मी वर तोंड काढलेला मासा उचलून दुसऱ्या बरणीत टाकला. थोड्या वेळाने तोही खाली गेला.

"आजीने पाण्यात काय घातलं?" मी विचारलं. "फक्त हवा. पाण्यात विरघळलेली हवा मासा कल्ल्यांनी घेतो. गोड सांडपाणी आलं की जंतू ती साखर खातात, वाढतात, आणि हवा संपवतात. रात्री उन्हाअभावी शेवाळही हवा देत नाही. म्हणून पहाटे सगळ्यात कमी. हे मासे सलाम करत नाहीत, काका. गुदमरताहेत. तळातले मेले, हे वर उरलेत."

खय्यूनकाकांनी बरणी उचलून उजेडाकडे धरली. मग अबू नूरकडे वळले. "बुधवारच का रे?"

अबू नूर वल्हं शोधू लागला.

"मी सांगते," वबरियाआजी म्हणाली. "माझ्या घरी साय खाताना हाच म्हणाला, मेव्हणा कारखान्यात आहे, दर मंगळवारी हौद धुतो. मला वाटलं, कौतुक सांगतोय."

"आणि जाळं तळ दाखवतं," मी म्हणाले. "म्हणून जाळं जाळायचं होतं."

अबू नूर होडी वळवू लागला. त्याला कुणी अडवलं नाही, रस्ताही दिला नाही. बोरू मोडत त्याला जावं लागलं.

मी अर्ज पुढे केला. काकांनी पेन घेतलं आणि थांबले. "आधी चासिबची सही. तळ त्याने पाहिलाय."

"मला लिहिता येत नाही, काका."

"मग अंगठा कर. मी खाली सही करतो." टोळीप्रमुखाचं नाव जाळेवाल्याच्या अंगठ्याखाली आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याखाली एकतीस सह्या झाल्या.

कार्यालयातून फोन आला : रविवारी येतो. मी म्हणाले, रविवारी पाणी स्वच्छ असतं. बुधवारी या, सूर्य उगवण्याआधी. बाटल्या आमच्यासमोर सील करा, एक बाटली आमच्याकडे ठेवा. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, तुमचा कुणावरच विश्वास नाही का?" मी म्हणाले, "पाण्यावर आहे. ते तपासा."

ते बुधवारी आले. अहवाल अजून यायचाय. आमची बाटली शाळेच्या कपाटात कुलपात आहे, आणि मी दर आठवड्याला फोन करते.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा : तो कुठल्या दिवशी होत नाही, कुठल्या ठिकाणी होत नाही, आणि दाखवणारा काय लपवायला सांगतो. उत्तर मिळालं की लिहून काढा, सह्या घ्या, आणि ज्याचं काम आहे त्याच्या दारात नेऊन ठेवा. भाबडेपणाची किंमत बोलणारा भोंदू देत नाही; न बोलणारं पाणी देतं.

त्या बुधवारी कार्यालयाच्या साहेबांनी विचारलं, "तळाचा नमुना कोण काढेल?" भालेवाले एकमेकांकडे बघू लागले. खय्यूनकाकांनी आपली होडी बाजूला घेऊन वाट मोकळी केली आणि सगळ्या टोळीसमोर मोठ्याने म्हणाले,

"चासिब, टाक जाळं."