कॅमेऱ्याची पेटी आणि तळाचा भाडेकरू

मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, आणि दागिन्यांची तर मुळीच नव्हे. पाण्याखाली फोटो काढणारा छोटा कॅमेरा ज्यात बसवतात, ती जाड, पारदर्शक प्लास्टिकची पेटी. दुकानात मला हाउसिंग म्हणत. मित्रांनो, आरपार असण्याचा एक तोटा असतो. लोक तुमच्याकडे बघतच नाहीत, तुमच्यातून पलीकडे बघतात. फोटो चांगला आला की शाबासकी कॅमेऱ्याला, आणि आत थेंबभर पाणी शिरलं की "पेटीच भिकार!" या वयात मी तो राग सोडून दिला आहे. म्हणजे बराचसा.

माझा जन्म साच्यात झाला. पुढचा भाग, मागचा भाग, बाजूला बटणं आणि एक दणकट खटका. दोन्ही भागांच्या मध्ये एक खाच आहे. त्या खाचेत रबराचं कडं बसतं, सुतळीएवढं जाड. मी बंद झाले की ते कडं दाबलं जातं आणि समुद्र बाहेर राहतो. माझा सगळा संसार त्या कड्यावर चालतो. कारखान्यात मला टाकीत बुडवून, दाब देऊन तपासलं आणि पास केलं. मग मी दुकानाच्या काचेच्या फळीवर येऊन बसले ती बसलेच. येणारा-जाणारा मला उचलून बघायचा आणि नाक मुरडून परत ठेवायचा.

एके दिवशी दुकानात एक बाई आली. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती, काढायची विसरली होती बिचारी. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. आख्खी गल्ली तिला टेलरताई म्हणायची. तिने निळा छोटा कॅमेरा हातात घेतला आणि दुकानदाराला फैलावर घेतलं.

"हा तर मुळातच वॉटरप्रूफ आहे म्हणता. मग ही पेटी कशाला माझ्या गळ्यात मारताय?"

"ताई, हा नुसता पंधरा मीटरपर्यंत. तुम्हाला किती खाली जायचंय?"

"बावीस. जरा जास्तच."

"मग तिथे दाबाने याची बटणं आपोआप आत जातील, मागोमाग पाणी. पेटी चाळीस मीटर सोसते."

"बरं, मग पेटीत साधा कॅमेरा घातला तर?"

"चालेल की. पण चुकून पेटीत पाणी शिरलं, तर साधा तिथल्या तिथे गेला. हा तग धरेल, तुम्हाला वर यायला वेळ देईल. कोटाला अस्तर असतं ना, तसं समजा."

अस्तर म्हटल्यावर तिला लगेच पटलं. दुकानदाराने मग भिंगं बदलता येणारा मोठा कॅमेरा पुढे सरकवला, तर ही म्हणाली, "मला प्रदर्शन नाही भरवायचं हो. बाबांना एक मासा दाखवायचाय." तिने पिशवीतून पाण्यात घालायचे जाड हातमोजे काढले, ते चढवले आणि माझं एक-एक बटण दाबून पाहिलं. हातमोज्यांनी बटण सापडतंय का, खटका उघडतोय का, मनगटाला दोरी बसतेय का. इतक्या जणांनी मला हाताळलं होतं, पण असं कुणी तपासलंच नव्हतं. मी तिथेच तिची झाले.

आता त्या माशाची गोष्ट सांगते. टेलरताईचे बाबा पाणबुडे होते, पोटासाठी समुद्रात उतरणारे. खाडीच्या तोंडाशी तळाला एक जाड पाइप आहे. तो त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बसवला होता. पुढे तो बंद पडला, आणि त्याच्या तोंडात एक सापासारखा लांबडा वाम मासा राहायला आला. बाबा कुठल्याही कामाला उतरले की वाकडी वाट करून त्याला भेटून यायचे. त्याला ते भाडेकरू म्हणायचे. "आजही भाडं थकवलं लेकाने," असं घरी येऊन सांगायचे आणि जेवता-जेवता हसायचे.

मग त्यांच्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, आता पाण्यात उतरायचं नाही, कधीच नाही. बाबांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि खिडकीशी बसले. धक्क्यावर जाणं बंद, जुने सोबती आले तर झोपेचं सोंग. शिवणयंत्राची धडधड चालू असायची आणि तिच्या पलीकडे हा माणूस गप्प. शेवटी लेकीने स्वतःच डायव्हिंगच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाई इतक्या संथ होत्या की सगळे त्यांना कासव म्हणायचे, त्यांच्या तोंडावरसुद्धा. कासवाने तिला खोल जाण्याइतकं तयार केलं. ती भाडेकरूचा फोटो आणणार होती. तो बघून तरी बाबा बोलतील, एवढीच तिची आशा होती.

पहिल्या बुडीच्या आदल्या दिवशी तिने मला शिवणाच्या टेबलावर घेतलं. कड्याला बोटाने ग्रीस लावलं, चांगलं सढळ हाताने, आणि मग मऊसूत सुती चिंधीने मला आतून-बाहेरून पुसलं. किती मायेने पुसलं म्हणून सांगू! मी अगदी लखलखले. मला तरी काय कळत होतं तेव्हा?

पाण्यात उतरलो. खाली जाता-जाता माझ्या पोटात थंड काहीतरी सरकलं. आधी एक थेंब, मग तळाशी रेघ, मग कॅमेऱ्याचा कोपरा पाण्यात. कासवाने पाहिलं आणि अंगठा वर केला. मित्रांनो, पाण्याखाली अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, "वर चल." पाइप दिसलाही नव्हता, आणि आम्ही वर आलो. कॅमेरा अस्तराच्या पुण्याईने वाचला. मी मात्र फुटकी ठरले. ती फार बोलली मला. कॅमेरा कोरडा होऊन ऐटीत बसला होता, त्याने एक शब्द माझ्या बाजूने काढला नाही.

पुढच्या खेपेला ती नुसता कॅमेरा घेऊन गेली. पंधरा मीटरच्या वरच थांबली आणि तिथूनच खालच्या पाइपचा फोटो काढला. घरी येऊन तिने तो बाबांना दाखवला. मी तेव्हा कपाटावर पडून होते. सगळं ऐकलं.

"हे काय आहे?"

"पाइप आहे बाबा. तो काळसर दिसतोय ना, तो."

बाबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "हे पाणी आहे," ते म्हणाले. "पाणी मला माहितीये." आणि खिडकीकडे वळले.

त्या संध्याकाळी तिने मला कपाटावरून काढलं आणि कापडाच्या कतरणींच्या टोपलीत टाकलं. सकाळी कचऱ्याबरोबर जाणार, हे मला कळून चुकलं. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येईना.

सकाळी ती गिऱ्हाइकाचं माप घेत होती. बाबा चष्म्याचं फडकं शोधत टोपलीपाशी आले आणि त्यांचा हात मला लागला. त्यांनी मला उचललं. बघायचं म्हणून नव्हे, नुसता हात गेला. खटका उघडला, आणि त्यांचं बोट आपोआप कड्यावरून फिरू लागलं. आयुष्यभर ते हेच करत आले होते. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची कड चाचपल्याशिवाय ते उतरत नसत. एका जागी बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा थांबलं.

"अगं ए, इकडे ये!"

ती मोजपट्टी टाकून धावत आली. बाबांनी हाक मारली होती, हीच केवढी गोष्ट!

"हे बघ. दोरा."

ग्रीसमध्ये चिंधीचा एक धागा रुतून बसला होता, केसाएवढा. कड्यावर आडवा. त्याच्याच आधाराने समुद्र आत आला होता.

"मी तर इतकं पुसलं होतं बाबा!"

"पुसलंस म्हणूनच. घरभर धागे उडतात आपल्या, आणि वर ग्रीस फासलंस गोंद लावल्यासारखं. एवढे कपडे शिवलेस, आता समुद्रालाही टाके घालायला निघालीस का?"

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. गिऱ्हाईक हात पसरून तसंच उभं.

बाबांनी मला न्हाणीघरात नेलं, कारण तेवढ्याच खोलीत धागे नव्हते. कडं काढून नुसत्या बोटांनी स्वच्छ केलं. ग्रीस इतकंच, की रबराला चमक यावी. मग माझ्या पोटात कोरडा कागदी रुमाल ठेवला, मला बंद केलं आणि वजन बांधून बादलीत बुडवलं. रुमाल कोरडाच राहिला. तरी त्यांचं समाधान होईना. "बादलीचं काय सांगतेस? बादलीला खोली असते का?" असं म्हणून ते बूट शोधायला लागले. बऱ्याच काळाने ते धक्क्यावर आले, बोटीत बसले, आणि मला दोरीने पार तळापर्यंत सोडून पाहिलं. रुमाल पुन्हा कोरडा. तेव्हा कुठे कॅमेरा माझ्यात बसला आणि खटका बाबांनी लावला.

लेक मला घेऊन उतरली. पाणी मला चारी बाजूंनी आवळत गेलं, पण आत एक थेंब नाही. पाइप आला. तिने टॉर्च मारला. त्याच्या तोंडात वाम नव्हताच. तिथे एक ऑक्टोपस अंग चोरून बसला होता, आणि त्याच्या मागे अंधारात बारीक-बारीक डोळे चमकत होते. तिने फोटो काढले खरे, पण तिचा हात जड झाला होता. मला धरलेल्या मुठीतून ते कळत होतं.

ती बोटीत आली. बाबांनी हात पुढे केला. तिने माझा खटका उघडायला बोट लावलं, तर ते ओरडले, "आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग उघडायची! तशीच दे." म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा तो फोटो त्यांनी माझ्यातून पाहिला, माझ्या पाठीला नाक टेकवून.

"तो नाहीये बाबा," ती म्हणाली. "गेला असेल कुठे."

त्यांनी मला सावलीकडे फिरवलं आणि पुन्हा नाक टेकवलं. कासवसुद्धा वाकून बघू लागली.

"हरामखोर!" बाबा म्हणाले. "पोटभाडेकरू ठेवून पसार झाला!" आणि ते हसायला लागले. हसता-हसता म्हणाले, "मला वाटायचं, खाली आपलं आता काही उरलं नसेल. हे बघ, सगळी चाळच भरलीये." मग डोळे पुसून म्हणाले, "मागे कोण बसलंय ते नीट आलं नाही. रविवारी परत जा. पेटी मी लावून देईन."

तेव्हापासून ते काम त्यांचं आहे. मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार होते. मला धुवा, उन्हात टाकू नका, कड्याला चिंधी लावू नका. ते कराच. पण तुमच्या घरात कुणी पाण्याबाहेर राहिलं असेल, तर त्याला नुसते फोटो दाखवू नका. त्याच्या हातात काम द्या, ज्याच्यावाचून तुमचं अडेल असं.

बाबांची बोटं आता थरथरतात. कडं खाचेत बसायला फार वेळ लागतो. बोट भरलेली असते, उतरणारे सगळे पाठीवर हवेच्या टाक्या घेऊन ओझ्याने वाकलेले असतात. कुणीही घाई करत नाही.