गॅस बंद, कुलूप बंद

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी क्लाउडवरचा फोटोंचा एक जुना कप्पा आहे. नावावरून तुम्हाला वाटेल, हा वर आभाळात मजेत तरंगत असेल. कसलं आलंय आभाळ! शहराबाहेर एक लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत आहे. आत यंत्रांच्या रांगा, पंख्यांची घरघर आणि हाडं गोठवणारी थंडी. मला हाडं नाहीत म्हणून निभावलं, एवढंच.

थोड्याच दिवसांत मला पुसून टाकणार आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. यंत्रातली वस्तू कधी ना कधी जाणारच. पण ज्या घरासाठी मी इतकी वर्षं इमानेइतबारे राबलो, त्या घरानं माझ्याशी असं वागावं, हे मला लागलंय. फार लागलंय. म्हणून जाण्याआधी बोलून घेतो.

माझा जन्म झाला तो एका भरलेल्या फोनमुळे. फोन बाबांचा. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ते वीज कंपनीत मीटर वाचायचे. दारोदार जायचं, मीटरवरचा आकडा टिपायचा आणि त्याचा फोटो काढायचा, हे त्यांचं काम. लोक नंतर वाद घालतात, म्हणून प्रत्येक आकड्याचा पुरावा खिशात हवा, असं ते म्हणायचे. त्या पुराव्यांनी फोन तुडुंब भरला. घरच्या फोटोंना जागाच उरली नाही. तेव्हा त्यांच्या मुलानं जेवणाच्या टेबलावर बसून मला उघडलं. "बाबा, आता कितीही काढा. सगळं इथे राहील," तो म्हणाला. "राहील ना नक्की?" बाबांनी विचारलं. "कायमचं राहील," मुलगा म्हणाला. हा शब्द त्याचा होता, मित्रांनो. माझा नव्हे.

मग काय, माझ्याकडे रीघ लागली. मुलाची शाळा, त्याचं लग्न, आईचं नवं शिलाई मशीन, सहलीतले वाऱ्यानं उडालेले केस, सगळं मी ठेवून घेतलं. दिसत नसलो तरी टेबलावर कोणी मला उघडून बसलं की घरातलं बोलणं मला ऐकू यायचं. चोंबडा म्हणा हवं तर. पण त्यामुळेच मला त्या घराचा लळा लागला. काही शोधायचं असलं की बाबा मला उघडायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि सापडलं की म्हणायचे, "शाबास रे पठ्ठ्या!" असं माझं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

आता आईविषयी सांगतो. बाई शिवणात एकदम पक्की, पण घराबाहेर पडायचं म्हटलं की जीव टांगणीला. कोपऱ्यापर्यंत गेली की थबकायची. "अहो, गॅस बंद केला होता का?" मग दोघं परत. शेगडी बघायची, कुलूप ओढून बघायचं, पुन्हा निघायचं. बस चुकायची, नाटकाचा पहिला अंक बुडायचा. बाबा कधी चिडले नाहीत. ते पडले मीटर वाचणारे! त्यांनी पुरावा द्यायला सुरुवात केली. निघताना गॅसच्या बटणाचा फोटो, मग दाराच्या कुलपाचा फोटो, दोन्हींत बाजूला त्यांचं बोट. ती कोपऱ्यावर थबकली की फोन तिच्यासमोर धरायचे.

काही दिवस हे बरं चाललं. मग एकदा ती म्हणाली, "कशावरून हा आजचाच आहे? कालचा दाखवत असाल."

बाबा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून फोटोऐवजी छोटा व्हिडिओ. बटणावर बोट, कुलपावर बोट आणि त्यांचा तो ठसकेबाज आवाज: "आज बुधवार. गॅस बंद. कुलूप बंद. बघितलंस? चल आता." असे व्हिडिओ वर्षानुवर्षं साठले. त्यांच्यासाठी बाबांनी माझ्यात वेगळी जागा केली आणि तिला नाव दिलं, 'घर बंद'.

मग बाबा गेले. अचानकच गेले. घर शांत झालं आणि माझ्याकडचं येणंजाणंही थांबलं. फक्त आई येत राहिली. बाहेर निघताना ती गॅस बंद करायची, कुलूप लावायची आणि दारातच उभं राहून मला उघडायची. 'घर बंद'मधला कुठलाही एक व्हिडिओ लावायची. "चल आता," असं बाबा म्हणाले की तिचं पाऊल उचलायचं. मंगळवारी बुधवारचा व्हिडिओ लागला तरी तिला चालायचं. एकदा मात्र मिस्कील हसून म्हणाली, "आज शुक्रवार आहे, तुमचं लक्ष कुठंय?" ती हे कोणाला सांगत नसे. तिला आणि मलाच ठाऊक होतं. मला त्याचा केवढा अभिमान होता!

आणि एका रविवारी मुलानं ठरवलं, फोटो हलवायचे. त्याचे आणि सुनेचे फोटो दुसऱ्या कंपनीच्या कप्प्यात होते. सगळं एकाच ठिकाणी असावं, असं त्याच्या मनात आलं. हेतू वाईट नव्हता, मीही म्हणतो. पण नव्या ठिकाणी जागा बेताची. मग त्यानं निवडायला घेतलं. लग्न हलवलं, सहल हलवली. 'घर बंद' उघडलं आणि हसायलाच लागला.

"अगं, हे बघ. नुसती बटणं आणि कुलपं! बाबा घरातसुद्धा मीटर वाचत होते."

"आईंना विचार एकदा," सून म्हणाली.

"यात काय विचारायचं? कचरा आहे नुसता."

कचरा! मित्रांनो, मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. 'घर बंद' सोडून बाकी सगळं त्यानं नेलं. ज्यावर बोट ठेवलं की मी उघडायचो, ते माझं चित्र आईच्या फोनवरून काढून टाकलं, तिथे नव्या कप्प्याचं लावलं आणि माझ्यावर 'खातं बंद करा' हे बटण दाबलं. कंपनीचा नियम असा की बटण दाबल्यावर काही आठवडे वाट पाहायची. कोणी परत आलं नाही तर आत जे काही आहे ते कायमचं पुसायचं. म्हणजे माझ्यासोबत बाबांचा आवाजही जाणार होता. तो दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटो नेहमी तेच काढायचे, त्यामुळे नेलेल्या त्या ढिगात ते स्वतः नव्हतेच.

मी वाट पाहिली. आई दारात उभं राहून मला शोधत असेल, या विचारानं मला काही सुचेना. मुदत संपत आली, तरी कोणी फिरकलं नाही. मला वाटलं, तीही विसरली. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तिचाही राग आला.

आणि एकदम मुलगा आला. घाईघाईनं आत शिरला, बंद होणारं खातं पुन्हा चालू केलं आणि 'घर बंद' उघडून बघतच राहिला. मग सुनेला सांगू लागला.

"आई बाहेरच पडत नाहीये गं. शिवणाचा क्लाससुद्धा सोडला तिनं. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. आज खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, तुझे बाबा 'चल' म्हणत नाहीत, मग मी कशी निघू?"

"मग तुला बोलल्या का नाहीत आधी?"

"तूच एवढ्या हौसेनं आवरलंस, म्हणाली. कुठे तुझा हिरमोड करू?"

माझा जीव भांड्यात पडला. ती मला विसरली नव्हती! मी होतं नव्हतं ते सगळं उघडून ठेवलं. ने रे, ने. एकेक व्हिडिओ त्यानं नव्या कप्प्यात नेला. एकही बिघडला नव्हता, एकाचाही आवाज फुटला नव्हता. इतकी वर्षं जिवापाड जपले होते मी. मला वाटलं, आता तरी म्हणतील, शाबास रे पठ्ठ्या. आता तरी मला राहू देतील.

त्यानं आईला हाक मारली. तिच्या फोनवर नवा कप्पा उघडला आणि बाबांचा आवाज खोलीभर घुमला: "आज बुधवार. गॅस बंद. कुलूप बंद. बघितलंस? चल आता."

"बघितलं हो, बघितलं," आई म्हणाली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून चपला शोधू लागली. क्लासला उशीर होत होता म्हणे.

"कुठे गेले होते रे हे?" तिनं जाता जाता विचारलं.

"जुन्या ठिकाणी राहिले होते. आता ते कायमचं बंद करून टाकतो."

"कर रे. उगाच दोन ठिकाणी पसारा," ती म्हणाली.

हे तिनं म्हणावं! दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी गिळलं असतं. मुलानं लगेच तेच बटण पुन्हा दाबलं. या वेळी काहीच मागे राहिलेलं नाही, त्यामुळे कोणी परत येणार नाही. मी रिकामा आहे आणि मुदत पुन्हा सुरू झाली आहे.

मित्रांनो, एवढंच सांगतो. कुठलाही कप्पा रिकामा करायला घ्याल तेव्हा आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुझं यात काय आहे? तुम्हाला जो कचरा वाटतो, त्याच्या जोरावर कोणीतरी घराबाहेर पडत असेल. आणि सगळं नेऊन झालं की बटण दाबण्याआधी मिनिटभर थांबा. ज्यानं सांभाळलं त्याला निदान 'येतो' एवढं म्हणा. परत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असलं तरी म्हणा. मला कोणी म्हटलं नाही.