किंकाळ्यांपुरती

“फारच छान, मॅडम. आता तसंच एकदा, पण पडता पडता,” ब्राइस म्हणाला.

काचेपलीकडे अर्लीन हुबेकने मान डोलावली, हिरव्या सफरचंदाची एक फोड चावून गिळली आणि माइकसमोर पाय रोवून उभी राहिली. मी बटण दाबलं. पडद्यावर टॉबी नावाचा दहा वर्षांचा पोरगा कड्यावरून घसरला. कानात तीन बीप वाजले, आणि चौथा वाजायला हवा होता तिथे अर्लीनने किंकाळी फोडली. साठीला टेकलेली, गुडघे धरलेली, नाताळात हरणांचा स्वेटर घालून मिरवणारी ही बाई कड्यावरून पडली, दगडावर आपटली, फांदीला लटकली आणि वर आल्यावर तिने “हुफ्” करून सुस्काराही टाकला. एसी बंद होता, कारण त्याची घरघर माइक पकडतो. टेक्सासातल्या गारलंडच्या जुलैत एसी बंद करून दार लावून घेतलं की माणसाचा भट्टीतला पाव होतो. तिचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“कमाल!” ब्राइस म्हणाला. “फक्त हे आपल्याला टॅबिथाच्या आवाजाला जोडायचंय ना, म्हणून जरा तरुण ठेवा.”

“पोरगा दहाच वर्षांचा आहे रे बाळा,” अर्लीन म्हणाली. “याहून तरुण केला तर लंगोट बांधावा लागेल.”

मी हसलो. ब्राइस हसला नाही. त्याने ते गंभीरपणे विचारात घेतलं.

हा ब्राइस कॅलिफोर्नियाहून आला होता. बिनमोज्यांचे बूट घालायचा, आणि त्याच्या कार्डावर हुद्दा छापला होता ‘कथाविश्वाचा पालक’. ज्या मालिकेचा तो पालक होता तिचा एकही भाग त्याने पाहिला नव्हता. याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. ‘फुवारी’ ही जपानी कार्टून मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांचं आयुष्यात काहीही अडलेलं नाही. एक पोरगा, त्याचा गुबू नावाचा दिवे खाणारा गोल बेडूक, दर भागात एक मारामारी, मैत्रीचा विजय, आणि पुढच्या आठवड्यात दुकानात नवं खेळणं. मी वीस-एक वर्षं तिच्या इंग्रजी डबिंगचं ध्वनिमुद्रण केलं. पोट भरतं माणसाचं.

मूळ जपानीत म्हणे बरंच काही होतं. आमच्याकडे येईपर्यंत ते धुऊन पिळून वाळत घातलेलं असायचं. तेत्सुओचा टॉबी झाला. त्याची आजी वारली, पण आपल्या मुलांना मरण सोसत नाही असं वरच्यांचं मत पडलं, म्हणून आजी फ्लोरिडाला गेली. आता चित्र तर बदलता येत नव्हतं. चित्रात पोरगा थडग्यापुढे उदबत्ती लावून उभा. आमच्या संवादात तो आजीच्या बसची वाट बघत होता. उदबत्ती लावून बसची वाट बघणारा मुलगा! कोणी चकार शब्द काढला नाही.

पण त्या भागात अर्लीनने “बस उशिरा येईल बहुतेक” हे वाक्य असं म्हटलं की देशभरातल्या पोरांना कळलं, बस येणार नाही. आयांची पत्रं आली, आमची मुलं का रडतायत म्हणून. वरचे चिडले. मी काचेच्या अलीकडे बसून नाक शिंकरत होतो. टेक्सासमध्ये परागकण फार.

अर्लीन नटी नव्हती. आमचा स्टुडिओ टायरचं दुकान आणि दाताचा दवाखाना यांच्या मधल्या गाळ्यात. त्या दवाखान्यात ती रिसेप्शनला. एक दिवस ती आमच्यावर ओरडायला आली. भिंतीतून मारामाऱ्या ऐकू येतात आणि खुर्चीत आ वासून बसलेले पेशंट दचकतात, ही तक्रार. टॉबीचं काम करणारी मुलगी त्याच आठवड्यात शाम्पूची जाहिरात मिळाली म्हणून पळाली होती. आमचा तेव्हाचा दिग्दर्शक म्हणाला, “बाई, तुम्ही तेच पुन्हा ओरडा बघू, इथे उभं राहून.” तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत आणि पाच वाजल्यानंतर टॉबी असायची, उरलेल्या वेळात लोकांना दाढ कधी काढायची ते सांगायची. तिचा डॉक्टर दारातून डोकावून म्हणायचा, “अर्लीन, तुझा बेडूक झोपला की मिसेस ओडमना फोन लाव.”

मग ते चाहत्यांचे मेळावे. हॉटेलच्या हॉलमध्ये हजारो लोक जमायचे, त्यातले निम्मे गुबूचा वेश केलेले बेडूक. चाळिशीचे, पोट सुटलेले, कर्ज काढून घर घेतलेले बेडूक. तिच्या टेबलापुढे रांग लावून रडायचे. एकाने लग्नात वाजवायला तिच्याकडून “ऊठ, गुबू, अजून हरलो नाही आपण!” म्हणवून घेतलं. मी म्हटलं, “त्या नवरीची कीव येते मला.”

“हसू नकोस, लेलँड,” ती म्हणाली. “त्यांच्या घरी काय चाललेलं असेल तुला काय ठाऊक? दुपारी चारला शाळेतून यायचे, घरात कोणी नसायचं. मी तरी असायचे.”

हॉलिवूडच्या एका बड्या कंपनीने फुवारीचा मोठा कार्टून पिक्चर काढायला घेतला तेव्हा अर्लीनला कोणी कळवलं नाही. दवाखान्यात एका पेशंटने तोंडात कापसाचे बोळे असताना तिला सांगितलं. “तुमतं वाईत वातलं,” तो म्हणाला. “काय वाईट वाटलं?” तिने विचारलं. त्याने फोनवर फोटो दाखवला. टॉबीच्या आवाजासाठी टॅबिथा लॉर्न. वय सव्वीस, एका वेड्यावाकड्या मालिकेतली बंडखोर राजकन्या, शिवाय गाते. टॉबीशी तिचा संबंध एवढाच की लोक तिला ओळखायचे.

अर्लीनने पेशंटची पुढची तारीख लिहून घेतली आणि माझ्याकडे आली. म्हणाली, “पोरगी गोड आहे रे दिसायला.”

काही महिन्यांनी ब्राइसचा फोन आला. या प्रवासात त्यांना तिला सोबत घ्यायचं होतं. प्रवास म्हणजे असा, की टॅबिथाचा गाण्यांचा दौरा तोंडावर आला होता आणि तिच्या गळ्याच्या डॉक्टरने ओरडायला मनाई केली होती. म्हणून शब्द टॅबिथाचे, आणि किंकाळ्या, धापा, हुंदके, हसणं, मार खाणं, हे सगळं अर्लीनचं. नाव कुठेही येणार नाही.

“थुंक त्यांच्या तोंडावर,” मी म्हणालो.

“मग ओरडणार कोण? ती? उंदीर बघितल्यासारखा ओरडेल माझा टॉबी.”

“तुझा कुठे राहिलाय आता?”

“गप रे. गरम पाणी ठेव माझ्यासाठी.”

टॅबिथाचे शब्द आधी घेतले गेले, आमच्याच गाळ्यात, कारण कोणीतरी कुठेतरी ‘मूळ वास्तूतच काम करू’ असं म्हणालं होतं. ती दोन मदतनीस आणि एक कुत्रा घेऊन आली. अर्लीन दवाखान्यातून मुद्दाम भेटायला आली होती. टॅबिथाने तिला कडकडून मिठी मारली.

“तुम्ही म्हणजे माझं बालपण आहात!”

“हो का गं? छान वाटलं ऐकून.”

“मला एक सांगा ना, गुबू मुलगा की मुलगी?”

“बेडूक आहे,” अर्लीन म्हणाली.

बाकीचं कसंबसं झालं. अडलं ते शेवटी. पिक्चरमध्ये गुबू मरतो. अर्थात दहा मिनिटांनी उठतो, नाहीतर खेळणी कोण घेणार? पण मरतो तेव्हा टॉबी बर्फात गुडघे टेकून त्याला हाक मारतो. एकच शब्द: गुबू. टॅबिथाने दुपारभर प्रयत्न केला. कधी पार्सलवाल्याला बोलावल्यासारखं झालं, कधी नाटकात बेशुद्ध पडल्यासारखं. एकदा तिला खरंच रडू आलं, तिचं तिलाच, आणि त्या एका क्षणी ती मला बरी वाटली. “मला जमत नाहीये,” ती म्हणाली. ब्राइसने तिला सांगितलं की जे जमत नाहीये तेच फार प्रामाणिक आहे. मग ती दौऱ्यावर गेली.

तर त्या जुलैतल्या दिवशी अर्लीनच्या किंकाळ्या संपल्या. तिचा आवाज फाटायला आला होता. अशी कामं शेवटीच घेतात, त्यानंतर गळ्यात काही उरत नाही. ती पर्स उचलणार तेवढ्यात ब्राइसने माझ्या पुढ्यातलं बोलायचं बटण दाबलं.

“मॅडम, जाता जाता एक छोटीशी गोष्ट. ती हाक. तेवढी एक मारून टाका.”

“कुठली?”

“गुबू.”

अर्लीन माइककडे वळली. “तो शब्द आहे.”

“नाव आहे. म्हणजे तसं बघितलं तर हाकच, म्हणजे आवाजच.”

“शब्द तिचे, आवाज माझे. तुम्हीच ठरवलंत ना?”

“कोणाच्या लक्षातही येणार नाही, खरंच.”

“तेच म्हणतेय मी.”

ब्राइसला घाम फुटला. तसा तो सगळ्यांनाच फुटला होता. “बरं, असं करू. शेवटच्या नावांमध्ये विशेष आभार. जेवण पुरवणाऱ्यांच्या अगदी वर.”

तिने हेडफोन परत कानाला लावला. मला वाटलं, वाकली. मनातल्या मनात मी तिला दोन शिव्या घातल्या आणि प्रसंग चालू केला. बर्फ. बेडकाच्या पोटातले दिवे एकेक करून विझले. तीन बीप. टॉबीचं तोंड उघडलं. अर्लीन मिटल्या ओठांनी बघत होती.

“परत लाव,” ती म्हणाली.

मी परत लावलं. परत तेच. पोराचं तोंड उघडलं, मिटलं. ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं बसच्या खिडकीतल्या माणसाकडे बस सुटताना बघतात. मग तिने हेडफोन काढून खुंटीला अडकवला.

“नाही रे बाळा. आता तो तिचा मुलगा आहे. तिलाच हाक मारू दे.”

दार उघडून ती गेली. मिसेस कोणाचीतरी दाढ अडीचला होती.

“त्या भावनिक होतायत का?” ब्राइसने मला विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “तू एसी लाव.”

जुन्या भागांतून हाक उचलता येईना, कारण त्यांचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे आणि दोघांचं कोर्टात भांडण. ब्राइसने आणखी चार बायका आणल्या. चौघी टॉबीसारख्या ओरडल्या. टॉबी एकही नव्हती. टॅबिथा तोवर कुठल्यातरी स्टेडियममध्ये नाचत होती, आणि पिक्चर लागायची तारीख जाहीर झालेली.

शेवटी त्यांनी तिथे काहीच ठेवलं नाही. पोरगा तोंड उघडतो आणि आवाज येत नाही. संगीतसुद्धा नाही. नुसता बर्फ पडतो.

मग काय विचारता! मोठमोठ्या मासिकांनी त्या शांततेवर रकाने भरले. मुलांच्या पिक्चरमध्ये एवढं धाडस! दुःखापुढे भाषा थिटी पडते वगैरे. ब्राइसची मुलाखत आली, खुर्चीत तिरका बसून. त्याने सांगितलं की ही शांतता त्याला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. टॅबिथाला त्या न मारलेल्या हाकेबद्दल बक्षीस मिळेल असंही कोणी लिहिलं. मी पेपर चुरगाळून टाकला आणि अर्लीनला फोन केला.

“वाचलंस?”

“वाचलं. बघायला येतोस का?”

मंगळवारी दुपारच्या खेळाला गेलो. हॉल निम्मा भरला होता. तिने पॉपकॉर्नचा मोठा डबा मांडीवर घेतला होता आणि टॉबी धडपडला की मला कोपर मारत होती. “हा माझा.” थोड्या वेळाने, “हाही माझाच. बघ, कशी आपटलेय!” हसायची. टॉबी बोलायला लागला की पॉपकॉर्न खायची.

मग बर्फ आला. दिवे विझले. टॉबीने तोंड उघडलं आणि सगळा हॉल श्वास धरून बसला. कुठेतरी कोणी मुसमुसलं. आणि नेमकं तेव्हाच अर्लीनच्या घशात पॉपकॉर्नचं टरफल अडकलं.

ती खोकली. दाबायला गेली, तर आणखी मोठ्याने खोकली.

पुढच्या रांगेतली एक बाई वळली. डोळे ओले, आवाज कडक. “अहो, जरा गप्प बसाल का? इतका नाजूक प्रसंग चाललाय!”

मी उठायलाच लागलो होतो. काय बोलणार होतो कोण जाणे, पण साऱ्या हॉलला ऐकू गेलं असतं. अर्लीनने माझी बाही घट्ट धरून मला खाली बसवलं.

“चुकलं हं, बाई,” ती कुजबुजली.

तिने रुमालाचा बोळा तोंडावर दाबला. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, चेहरा लाल झाला होता, पण आवाज म्हणून बाहेर येऊ दिला नाही. पडद्यावर पोरगा तोंड उघडून बसला होता. ते दृश्य फार लांबवलंय. मला तर वाटलं, गुदमरते की काय ही.

मग गुबूच्या पोटात एक दिवा लागला, बेडूक उठून बसला, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांच्या आवाजात अर्लीनने पोटभर खोकून घेतलं.