तीन गाठींची पिशवी

आग लागली तेव्हा पाणबुडी समुद्राच्या तळाशी चिडीचूप पडून होती आणि आचारी कांदा परतत होता. पाण्याखाली आग लागली तर धावत अंगणात जायची सोय नसते. कढईतलं तेल भडकलं, ज्वाळा वरच्या नळांना चाटू लागल्या आणि आचाऱ्याने वाळूच्या बादलीसाठी हात मागे नेला. बादली तिथे नव्हती. या फेरीला दोन पाहुणे आणि त्यांची घडीची होडी आत घ्यायची म्हणून अडगळ कमी केली होती, त्यात बादली धक्क्यावरच राहिली होती. डोक्यावर मात्र एक ओली कापडी पिशवी वाळत टांगलेली होती. आचाऱ्याने ती ओरबाडली, गाठी सोडायच्या भानगडीत न पडता सुरीने फाडली आणि कढईवर उपडी केली. आग विझली. पिशवीत वाळूच होती.

कुठली वाळू, हे त्याला दुसऱ्या क्षणी आठवलं आणि तो तिथेच खाली बसला.

पाहुण्यांपैकी थोरल्याला सगळे मास्तर म्हणत. लढाईआधी तो पोरांना पोहायला शिकवायचा. आता तो आणि त्याचा जोडीदार अंधारात होडी घेऊन शत्रूच्या किनाऱ्याजवळ जात, जोडीदार होडी सांभाळे आणि मास्तर पोहत वाळूवर चढून, पोटावर सरपटत, ठिकठिकाणची वाळू पिशव्यांत भरून आणे. याच किनाऱ्यावर लवकरच आपली फौज उतरायची होती, रणगाड्यांसकट. वाळू रणगाड्याचं वजन पेलेल की खाली चिखल आहे, हे शत्रूला पत्र टाकून विचारता येत नव्हतं. पिशवीला एक गाठ म्हणजे पाण्याच्या काठची वाळू, दोन गाठी म्हणजे त्याच्या वरची, तीन म्हणजे त्याहून वरच्या एका काळपट पट्ट्यातली. बाकीच्या पिशव्या डब्यात बंद होत्या. तीन गाठींच्या पिशवीतून तेवढं पाणी गळत होतं, म्हणून मास्तरनेच ती शेगडीवर टांगली होती.

धुराच्या वासाने कप्तान आला, मागोमाग मास्तर. दोघांनी कढईत पाहिलं. किनारा तेलात तळून निघाला होता, वर कांदा.

"हे परत भरता येईल?" कप्तानाने विचारलं.

"येईल की. पण तपासणाऱ्यांना भूक लागेल," मास्तर म्हणाला.

कप्तान हसला नाही. त्याची झोप झालेली नव्हती आणि चेहरा ओल्या पोत्यासारखा दिसत होता. "आज रात्री परत निघायचं ठरलंय. तुमचा जोडीदार तापाने फणफणलाय. दोन गाठींच्या पिशवीतली अर्धी काढा, दुसऱ्या पिशवीत घाला आणि तीन गाठी मारा. वाळू ती वाळू."

हुकूम झाला असता तर मास्तर पुन्हा किनाऱ्यावर गेला असता. हुकूम होत नव्हता, आणि आपणहून त्या थंडगार पाण्यात उतरायची हौस कुणाला असते? प्रकरण तिथेच मिटत होतं. आचाऱ्याने गप्प बसायचं, कढई घासायची, एवढंच बाकी होतं.

पण आचाऱ्याला त्याचा जावई आठवला. जावई आठवून त्याला कधीच बरं वाटत नसे. हा इसम मुलीला मागणी घालायला आला नव्हता, लग्न ठरल्याचं कळवायला आला होता. वाढायच्या आधी जेवायला सुरुवात करायचा, जेवताना बोलायचा आणि ताट तिथेच टाकून उठायचा. तो रणगाडा चालवत होता.

"साहेब, माझा जावई रणगाड्यावर आहे," आचारी म्हणाला.

"आवडतो का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"मुलीला आवडतो."

"तो याच किनाऱ्यावर उतरणार कशावरून?"

"तो नाही तर कुणाचा तरी जावई उतरेलच ना, साहेब."

कप्तानाने डोळे चोळले. मास्तरने मात्र आचाऱ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "काकांना होडीत बसवा माझ्याबरोबर," तो म्हणाला. "वल्हं मारता येतं का, काका?"

"पळी मारता येते."

"पोहता?"

"अजिबात नाही."

"मग होडी सोडून कुठं जाणार नाही तुम्ही. चला."

कप्तानाने एकच अट घातली. चंद्र वर यायच्या आत होडी परत हवी. चंद्र वर आला की पाणबुडी खाली जाणार, होडी असो वा नसो.

लाटा फुटत होत्या तिथून थोडं अलीकडे मास्तरने होडी थांबवली आणि चमचा बुडवल्याइतकाही आवाज न करता पाण्यात उतरला. आचारी वल्हं छातीशी धरून बसला. किनाऱ्यावर कुणीतरी विजेरी घेऊन फिरत होतं, विजेरी लागायची, विझायची. बऱ्याच वेळाने होडीच्या काठावर एक हात आला आणि त्या हातात पिशवी होती. आचाऱ्याने गाठी चाचपल्या. तीन होत्या. त्याने पिशवी सदऱ्याच्या आत, पोटाशी खुपसली.

"चला आता," तो कुजबुजला.

मास्तरचे दात वाजत होते. "आणखी एक आणतो. तुमच्या शेगडीचा काय भरवसा."

"नको, मास्तर. ही मी मरेपर्यंत सोडत नाही."

"सगळे असंच म्हणतात," मास्तर म्हणाला आणि गेला.

विजेरी लागली, विझली. मग लागली आणि विझलीच नाही. गोळी नाही, ओरडणं नाही, कुत्रं नाही. काहीच ऐकू आलं नाही. आचारी वाट पाहत राहिला. चंद्र उगवू लागला, पूर्वेला पाणी उजळायला लागलं तरी तो हलला नाही. मग पोटाशी धरलेली पिशवी अंगाला गार लागली, आणि तिच्यासाठी आपण इथे आलो आहोत हे त्याला आठवलं. त्याने होडी वळवली. एकट्याने वल्हवताना ती गोल गोल फिरत होती. तो रडत वल्हवत होता आणि स्वतःला शिव्या देत होता. कप्तानाने ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबून एक मिणमिणता दिवा दाखवला, म्हणून तो पोचला.

"मास्तर?" कप्तानाने विचारलं.

आचाऱ्याने पिशवी पुढे केली.

परतीच्या सगळ्या वाटेवर त्याने तेल तापवलं नाही. सगळं उकडून वाढलं. एरवी मिठावरून भांडणारे खलाशी एका शब्दाने कुरकुरले नाहीत. जोडीदार तापातून उठला, मास्तरच्या रिकाम्या फळीकडे बघत उकडलेले बटाटे जेवला आणि पुन्हा झोपला.

तपासणीत कळलं, तीन गाठींच्या पिशवीत वाळूबरोबर चिकणमाती होती. रणगाडा त्या पट्ट्यात पोटापर्यंत रुतला असता. पुढे उतरायच्या दिवशी हीच पाणबुडी अंधारात त्या किनाऱ्यासमोर वर आली आणि समुद्राच्या बाजूला दिवा धरून उभी राहिली. त्या दिव्याच्या रोखाने होड्यांमागून होड्या किनाऱ्याकडे गेल्या. आचाऱ्याने सगळ्यांसाठी चहा केला. एक कप जास्तीचा झाला, तो त्याने कुणाला दिला नाही.

लढाई संपल्यावर मुलगी आणि जावई जेवायला आले. जावयाने वाढायच्या आधी सुरुवात केली आणि जेवता जेवता आपण कसे उतरलो ते सांगायला घेतलं.

"मधे एक पट्टा नुसता चिखल. पण आमच्या पुढच्या गाडीनं त्यावर चटया अंथरल्या, जाड्या जाड्या. आम्ही वरून आरामात. कुणीतरी ऑफिसात बसून डोकं चालवलं असणार, नाही तर आज हा घास नव्हता." त्याने घास दाखवला. "तुमचं बरं होतं, बाबा. पाण्याखाली निवांत. स्वयंपाक करायचा आणि झोपायचं."

"हो," आचारी म्हणाला.

"त्या चटईवाल्याला एकदा भेटायला पाहिजे."

आचाऱ्याचा हात पातेल्यावर थांबला. "पोहायला शिकवायचा तो. आम्ही मास्तर म्हणायचो."

"म्हणजे तुम्ही ओळखता? कुठं असतात?"

"तिथंच," आचारी म्हणाला. "त्या चिखलाची एक पिशवी मला देऊन गेला. मग आणखी एक आणायला गेला, त्याच्या आधीची माझ्या हातून कढईत गेली होती म्हणून. मी थांबलो होतो. चंद्र वर आला."

मुलीने हातातला पेला खाली ठेवला. सासऱ्याच्या घरात जावई पहिल्यांदाच गप्प बसून जेवला. ताटात काही टाकलं नाही. मग उठला, स्वतःचं ताट उचललं, सासऱ्याचंही उचललं आणि दोन्ही घासायला आत घेऊन गेला.