दोनदा भरलेली पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे, आणि मला अजून भीती वाटते. काडतुसाचा जो पितळेचा भाग असतो, तो म्हणजे मी. माझ्या तळाशी ठिणगी देणारी टोपी बसते, पोटात बंदुकीची दारू आणि तोंडात गोळी.

माझा जन्म कारखान्यात झाला. तेव्हा मी दुसऱ्याच काडतुसाची होते, लांब आणि निमुळत्या मानेची. एकदा उडाले. केवढा आवाज तो! मग जमिनीवर पडून राहिले. तिथून मला देवदत्त काकांनी उचललं.

काका अमेरिकेत, अल्फारेटाला राहतात. निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या बायकोला, प्रतिमा काकूंना, बंदुकीचा आवाज सोसत नसे. "अहो, घरात तुमचा आवाज निघत नाही, आणि बंदूक एवढी ओरडते कशी?" असं त्या म्हणायच्या.

काकांनी ते मनावर घेतलं. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात गेली की हवेत कडाडते. म्हणून हळू जाणारं काडतूस बनवायचं त्यांनी ठरवलं. दुकानात मिळत नाही असं, स्वतः आखलेलं. अशा घरच्या काडतुसाला इथे वाइल्डकॅट म्हणतात. त्यांनी मला कापून आखूड केलं, मान रुंद केली, तोंडात जाड, जड गोळी बसवली. दारू मात्र अगदी थोडी. माझं अर्धंअधिक पोट रिकामंच राही. बंदुकीला आवाज दाबणारा सायलेन्सर होता. पहिला बार झाला तेव्हा काकू म्हणाल्या, "झालं एवढंच? आता कशी माणसात आली!" त्या दिवशी मला फार कौतुक वाटलं स्वतःचं.

पण त्या रिकाम्या पोटातच धोका होता. चुकून दोनदा दारू घातली तरी ती सांडत नाही. बंदूक मात्र हातात फुटते. म्हणून गॅरेजमध्ये दोघं बसत. काका दारू घालून म्हणत, "भरलं." काकू स्टुलावरून वाकून टॉर्च मारत आणि म्हणत, "बघितलं." पन्नास पुंगळ्या झाल्या की त्यांच्या डब्याच्या झाकणावर काकू मार्करने टिक करत.

फेब्रुवारीत काकू गेल्या. पुढचे काही महिने आम्ही ट्रेमध्ये धूळ खात उभ्या होतो.

मग एका सकाळी काका पुन्हा बसले. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्यात दारू पडली आणि फोन वाजला. औषधांच्या दुकानाचा रेकॉर्ड केलेला निरोप होता. प्रतिमा यांचं औषध तयार आहे, घेऊन जा. काका फोन धरून बराच वेळ उभे राहिले. परत आले आणि माझ्यातच पुन्हा दारू घातली.

"भरलं," ते म्हणाले. टॉर्च माझ्यावर धरला, पण नजर रिकाम्या स्टुलावर होती. मग स्वतःच म्हणाले, "बघितलं."

मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडात गोळी बसली.

शनिवारी त्यांची मुलगी आश्लेषा त्यांच्याबरोबर रेंजवर, नेमबाजीच्या मैदानावर आली. ती इथेच वाढलेली. तिने डबा उघडला आणि नेमकं मलाच उचललं. मला बंदुकीत सरकवलं. अंधार झाला. तिचा गाल माझ्यापासून वीतभरावर होता. मी थिजून गेले.

मग तिचा आवाज आला. "बाबा, झाकणावर आईची टिक नाहीये."

"आई कुठून येणार टिक करायला?"

"नो, आय मीन, हे चेक कोणी केलं?"

"मीच."

"अँड हू चेक्ड यू?"

आश्लेषाने बंदुकीचा बोल्ट मागे ओढून मला बाहेर काढलं. "कॅन्सल कर. घरी चल."

गॅरेजमध्ये त्यांनी पन्नासही काडतुसं एकेक करून उघडली. माझी दारू वजनकाट्यावर ओतली. इतरांच्या दुप्पट! काका म्हणाले, "फोन आला होता गं. आईचं औषध तयार आहे म्हणाले." त्यांनी मला तिच्यासमोर धरलं. "तुझ्या तोंडासमोर फुटलं असतं हे."

त्या दिवशी आश्लेषाने काकांना कशालाच हात लावू दिला नाही. पुढच्या शनिवारी ती परत आली, काकूंचं स्टूल ओढून बसली आणि टॉर्च उचलला.

काकांनी माझ्यात दारू घातली. एकदाच. "भरलं."

उजेड माझ्या पोटात उतरला आणि बराच वेळ हलला नाही.

"बघितलं," आश्लेषा म्हणाली.

मित्रांनो, मला अजून टॉर्च दिसेपर्यंत धडधडतं. म्हणून सांगते. दुसऱ्याने द्यायचं उत्तर स्वतःच देऊन मोकळे होऊ नका. जवळचं माणूस गेलं असेल आणि मन ठिकाणावर नसेल, तर काम झाकून ठेवा. कोणी येऊन स्टुलावर बसेपर्यंत थांबा.