सात वाजताचा फोन

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार, दिनांक ९ डिसेंबर २०२५ रोजी, सकाळी अकराच्या सुमारास, परभणी शहरातील एका मोबाइलच्या दुकानात, चारठाणा, तालुका जिंतूर येथील सेवानिवृत्त शिक्षक वीरभद्र गुरुजी यांनी आयुष्यातला सर्वांत पातळ फोन हातात घेतला, आणि हातात घेताक्षणीच तो विकत घ्यायचे ठरवले. पुढे जे घडले त्यात जळालेल्या विद्युत रोहित्राचा वाटा होता, अंतराचा होता, असे स्वतःला सांगण्याचा प्रयत्न गुरुजींनी पुष्कळ केला. परंतु आरंभ इथून झाला, हे त्यांना कधी नाकारता आले नाही.

दुकान बुद्धभूषणचे होते. तो गुरुजींचा जुना विद्यार्थी. गिऱ्हाइकाला वस्तू खपवण्यापेक्षा पटवण्यात त्याला अधिक रस होता, आणि ही सवय त्याला गुरुजींनीच लावलेली होती.

"सर, हा तुमच्या कामाचा नाही," तो म्हणाला.

"माझे काम कोणते, हे तू ठरवणार?"

"ठरवत नाही, सांगायलोय. ह्याला पाठीमागं कॅमेरा एकच. आवाज एकाच जागेतून येतो, तोबी कानाजवळच्या फटीतून. बॅटरी लहान. आता तेवढ्याच किमतीत हा दुसरा बघा. कॅमेरे तीन, आवाज दोन्हीकडून, आणि दीड दिवस चार्जरकडं बघायचं काम नाही."

"आणि जाडी?"

"सामान बसवायचं म्हणल्यावर जाडी येणारच की, सर."

गुरुजींनी पातळ फोन तळहातावर आडवा धरला. "बुद्धभूषण, तुझे निबंध मला आठवतात. एका वाक्याचे काम तू पाच वाक्यांत करायचास. मी चार खोडत असे. उरलेले एक वाक्य देखणे दिसायचे की नाही?"

"दिसायचं, सर. पण उत्तर त्या खोडलेल्या चारांत असायचं."

शेजारचे गिऱ्हाईक हसले. गुरुजीही हसले, पण हरल्यासारखे नव्हे. मग बुद्धभूषणने काउंटरखालून एक चपटी पेटी काढली आणि फोनच्या पाठीला लावली. ती लोहचुंबकाने घट्ट बसली. "निदान हे तरी घ्या. जादा बॅटरी हाय ही."

गुरुजींनी तो जोड उचलून पाहिला. फोन आता त्यांच्या जुन्या फोनएवढाच जाड झाला होता. "हे पाठीवर वागवायचे, तर पातळ घ्यायचा कशाला?"

"मघापासून मी तेच म्हणायलोय."

पेटी गुरुजींनी परत केली. जुना फोन त्यांनी बदल्यात देऊन टाकला.

त्यांच्या निवडीमागे केवळ हौस होती असे नाही. गुरुजी लिंगायत, गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी सदऱ्याच्या आत छातीवर असे, आणि नेमक्या त्याच जागी वरच्या खिशात फोन. जुना फोन जाड, जड. वाकले, की तो डबीवर आपटे. आणि प्रत्येक वेळी गुरुजी डबीला हात लावून मनातल्या मनात क्षमा मागत. सहा वर्षे त्यांनी अशी क्षमा मागितली होती. नवा फोन खिशात आहे की नाही, हेही कळत नव्हते. जिंतूरच्या बसमध्ये त्यांनी तीनदा वाकून पाहिले; डबी वाजली नाही.

परंतु तो फोन एकट्या गुरुजींचा नव्हता, आणि बुद्धभूषणने ज्याला 'तुमचे काम' म्हटले ते हेच होते. दिवाळी सरली की आसपासच्या वस्त्यांवरची जोडपी ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतत. लेकरे बरोबर नेली तर शाळा बुडे. निवृत्त झाल्यापासून गुरुजी आणि त्यांच्या पत्नी शांतम्मा अशी काही लेकरे आपल्या घरी ठेवून घेत. यंदा ती अकरा होती. रोज संध्याकाळी सात वाजता, फडावरून परतून चूल पेटवता पेटवता, आईबाप गुरुजींना फोन लावत. अकरा लेकरे ओसरीवर गोल बसत, मधोमध फोन, आणि त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत. कुणाचीही आई बोलू लागली तरी ती सगळ्यांना बोले. प्रियंकाची आई पारूबाई तर आधी दुसऱ्यांच्याच पोरांना दटावी: "काय रे, कालच्याला जेवला न्हाईस म्हनं? आमच्या कानावर हाय बरं का."

प्रियंका दहावीला होती. तिच्या वस्तीवरची एकही मुलगी तोवर दहावीपर्यंत पोचलेली नव्हती. तिला ठेवून जायला पारूबाई यंदा तयार नव्हती. पोर मोठी झाली, डोळ्यांसमोर असलेली बरी, हे तिचे म्हणणे. गुरुजींनी तिच्याशी दोन तास वाद घातला होता. शेवटी, निघायच्या दिवशी, सगळ्या आईबापांसमोर उभे राहून त्यांनी शब्द तोलून सांगितले होते: "माझा फोन कधीही बंद लागणार नाही. बंद लागला, तर माझ्या घरी काही अघटित घडले असे समजा. मग दुसऱ्या कोणाला विचारत बसू नका, निघून या."

दुसऱ्याला विचारण्याची मनाई त्यांनी विचारपूर्वक घातली होती. आदल्या साली कुणीतरी गावातल्या तिसऱ्याच माणसाला फोन केला, आणि बातमी फडावर पोचेपर्यंत नुसता ताप आलेले एक लेकरू विहिरीत पडल्याचे झाले होते. तेव्हापासून एक घर, एक फोन, एक शब्द, हा गुरुजींचा नियम. पारूबाई त्या नियमाच्या भरवशावर लेक ठेवून गेली होती.

नव्या फोनची पहिली संध्याकाळ मुलांनी कौतुकात घालवली. दुसऱ्या संध्याकाळी एकजण म्हणाला, "गुर्जी, आईचा आवाज बारीक का येऊ लागला?" फोन मधोमध ठेवला की कडेच्या मुलांना काही कळेना. मग एकेकाने कानाला लावून बोलायचे ठरले. आता प्रत्येकाची आई त्याच्यापुरती बोले, आणि बाकीचे भिंतीला टेकून आपली पाळी पाहत. पारूबाईचे दटावणे बंद झाले, कारण ऐकायला कुणी उरले नव्हते. गुरुजींना हे जाणवले; पण शिस्त वाढली, असा अर्थ त्यांनी लावला.

बॅटरीचे तसे लपवता येण्यासारखे नव्हते. दुपारी तीनलाच ते आकडा पाहू लागत. गोपीचंद किराणावाल्याने पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या लोकांसमोर फोन मागून घेतला, उजेडापुढे धरला आणि विचारले, "गुर्जी, उडदाचा का नाचणीचा?"

"काय?"

"पापड, म्हनलं. जपा बरं. खिशात बसताना मोडंल."

सगळे हसले. गुरुजींनी त्याला अर्धा तास पातळपणाची थोरवी समजावून सांगितली. गोपीचंदने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आनि चार्जिंग सरलं तर या. हितं इन्व्हर्टर हाय." त्या दिवसापासून गुरुजी किराणा दुसऱ्या दुकानातून आणू लागले.

दोन जानेवारी, शुक्रवार. दिवसभर गुरुजी गावातल्या जुन्या देवळांतल्या शिल्पांची छायाचित्रे घेत होते; त्यांवर एक विस्तृत लेख लिहायचा त्यांचा बेत होता. फोन हातात तापत गेला. अरुंद जागेत आख्खा खांब एका चित्रात मावेना, म्हणून एकेका खांबाची चार चार चित्रे काढावी लागली. सहा वाजता ते घरी आले तेव्हा बॅटरी चार टक्क्यांवर होती. त्यांनी चार्जर लावला, बटण दाबले. दिवा लागला नाही.

"डीपी जळली म्हनं," शांतम्मा चुलीजवळून म्हणाल्या. "उद्या तरी येती का न्हाई कुनाला ठाव."

साडेसहाला फोन विझला. शांतम्मांचा साधा बटणांचा फोन चालू होता. पण आईबापांचे नंबर नव्या फोनच्या पोटात, आणि त्यातून काढून ह्यात घालायला सिमकार्डच नव्हते. गुरुजींच्या वहीत गतसालचे नंबर होते. त्यांनी रामहरीचा, म्हणजे प्रियंकाच्या वडिलांचा, नंबर लावला. तो आता अस्तित्वात नव्हता. आणखी दोन लावले, तेही तसेच.

"गोपीचंदकडं जावा," शांतम्मा म्हणाल्या. "धा मिनटं लावला तरी बास व्हईल. समद्याला एक हाक देता यील."

"सकाळी बघू."

"सकाळी कशाला? लेकरं बसलेत की."

गुरुजींनी खांद्यावर शाल घेतली आणि दारापर्यंत गेले. समोर रस्त्यापलीकडे गोपीचंदच्या दुकानात दिवा जळत होता; बाकड्यावर चारपाच माणसे बसली होती. आत गेल्यावर पहिले वाक्य कोणते ऐकावे लागेल, हे गुरुजींना ठाऊक होते. त्यावर आपण काय उत्तर द्यावे, हे त्यांनी दारातच उभे राहून शोधले. त्यांना उत्तर सापडले नाही. ते परत फिरले.

"एका संध्याकाळने काय होते? समजूतदार माणसे आहेत ती," ते म्हणाले.

शांतम्मांनी मुलांना वाढायला घेतले. सात वाजले तेव्हा मुले जुन्या सवयीने गोल बसली होती. मधोमध कंदील होता.

सकाळी उजाडताच गुरुजी गोपीचंदच्या दुकानात गेले. गोपीचंद पापडाचे काही बोलला नाही. त्याने वायर ओढून दिली. फोन जागा झाला आणि न लागलेल्या फोनांचे संदेश एकामागून एक येऊ लागले. सातापासून साडेआठपर्यंत एकट्या रामहरीचे सतरा होते.

गुरुजींनी फोन लावला. रामहरी फडावर होता. त्याने दुपारी बाराला उचलला.

"गुर्जी? प्रियंका?"

"उत्तम आहे. शाळेत गेली आहे. वीज गेली होती, दुसरे काही नाही."

पलीकडे कोयत्यांचा आवाज येत होता.

"तिची आई तर रातीच निगाली की," रामहरी म्हणाला. "ऊस खाली करून चाललेल्या टॅक्टरवर बसून सांगलीला गेली. बाकीचे म्हनले, सकाळपत्तुर दम धर. न्हाई ऐकली. म्हनली, गुर्जीनं सांगितलंय बंद लागला तर निगून या. तिच्यापाशी फोन न्हाई, गुर्जी. आता तिला कोन सांगावं?"

कुणीही सांगू शकत नव्हते. तो शनिवार गुरुजींच्या आयुष्यातला सर्वांत लांब दिवस ठरला. पारूबाई या घटकेला सोलापुरात असेल, आता लातूर सोडले असेल, असे ते मनाशी म्हणत. आणि प्रत्येक गावापाशी तिची कल्पना लेकीचे आणखी काय काय वाईट करत असेल, हे त्यांच्यासारख्या बारकाईने विचार करणाऱ्याला टाळता येत नव्हते. फोन खिशात होता, भरलेला होता. त्याचे वजन अजूनही जाणवत नव्हते.

ती सातच्या ठोक्याला आली. मुले गोल बसलेली, फोन मधोमध, आणि ओसरीच्या पायरीवर पारूबाई. अंगावर फडावरचेच लुगडे, हातात काही नाही. तिने मुले मोजल्यासारखी पाहिली. प्रियंका उठली. पारूबाईने तिचे तोंड दोन्ही हातांनी चाचपले, दंड चाचपले, आणि मग खाली बसून घेतले.

शांतम्मांनी पाणी दिले. गुरुजींनी वीज सांगितली, रोहित्र सांगितले, देवळातली छायाचित्रे सांगितली. ते बोलत राहिले. पारूबाईने सगळे ऐकले.

"वाईट काई झालं न्हाई, हे महादेवाचे उपकार," ती म्हणाली. "पर सकाळच्या गाडीनं मी पोरीला घिऊन जायलेय."

"पारूबाई, परीक्षा सात आठवड्यांवर आली आहे."

"ठाव हाय मला."

"एका रात्रीच्या चुकीसाठी मुलीचे वर्ष..."

"गुर्जी, तुमी म्हनला व्हता, माझा फोन कदीबी बंद लागनार न्हाई. बंद लागला तर माझ्या घरी काई अघटित घडलं असं समजा. दुसऱ्याला विचारत बसू नका, निगून या." तिने एक शब्दही गाळला नाही. शाळेत न गेलेल्या बाईने ते वाक्य पाठ करून ठेवले होते. "मी समजले. रातभर अन दिसभर समजत आले. आता पुन्यांदा बंद लागला तर मी काय समजावं, ते सांगा."

सदतीस वर्षे शिकवलेल्या आणि त्याहून अधिक वर्षे वाद घातलेल्या त्या माणसाने तोंड उघडले. ज्या विधानावर उत्तर उभे करायचे, ते विधान त्यांचेच होते.

"गोपीचंदकडे इन्व्हर्टर आहे," ते शेवटी म्हणाले. "मी रोज तिथे..."

"मंग कालच्याला न्हाई गेलाव?"

शांतम्मांनी पारूबाईला ताट वाढले.

सकाळी प्रियंकाने पुस्तके भरली. "गणिताचं पण घेऊ का, गुर्जी?" तिने विचारले. "घे," गुरुजी म्हणाले, "रोज दोन उदाहरणे सोडव. अडले तर फोन..." आणि वाक्य त्यांनी तिथेच सोडले. पिशवी जड झाली होती. पारूबाईने ती कुरकुर न करता स्वतःच्या डोक्यावर घेतली. "परीक्षेला जमलं तर आनते," ती म्हणाली. ते जमणे कठीण होते. परीक्षेच्या दिवसांत फड ऐन जोरात असतो.

निघताना तिची नजर कोनाड्यातल्या फोनवर गेली. तिने तो उचलला, उलटापालटा केला, बोटाने त्याची कड चाचपली. नवा फोन तिने आजवर नुसता ऐकला होता.

"ह्योच का?"

"हाच," गुरुजी म्हणाले.

पारूबाईने तो दोन्ही हातांनी, जपून, होता तिथे ठेवला.

"देखना लय हाय, गुर्जी. पर ह्याच्या भरवशावर लेकरू ठिवावं असा न्हाई."