दादाच्या पायातल्या बेड्या

माझ्या दादाला पळवलंत तेव्हा त्याच्या पायातल्या बेड्या काढल्या होत्या का?

हा प्रश्न मी कधीपासून विचारतोय. उत्तर कुणी दिलं नाही. आता मीच बोलतो. मी एक गेम इंजिन. गाडीचं नव्हे, संगणकातल्या खेळांचं. खेळात चेंडू उसळतो, माणूस उडी मारतो, भिंतीमागे सावली पडते, ते सगळं आतून घडवणारा तो मी. खेळ बनवणाऱ्याला दर वेळी उसळी नव्यानं शिकवत बसावी लागू नये, म्हणून आमची जात जन्माला आली. त्यातही मी उघड्या घरातला. माझ्या पोटात काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, फुकट घेऊन जावं. आमच्या दाराला कडीच नाही.

शिक्षण म्हणाल तर माझं जेमतेम. दादाची माहितीपुस्तिका जाडजूड होती, चित्रांसकट. माझी चार ओळींत संपते, आणि त्यातली एक ओळ 'पुढचं नंतर लिहीन' अशी आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या. राग मात्र माझा शुद्ध आहे.

जिनं आम्हाला घडवलं तिला मी आई म्हणतो. दिवसा ती दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते. घरी आली की बूट कोपऱ्यात भिरकावते आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. दादा त्या टेबलावर जन्मला. तिचे बाबा शेजारच्या खुर्चीत डुलक्या घेत आणि मध्येच विचारत, "काय गं, तुझं पोरगं चालायला लागलं का?"

"चालतं कसलं बाबा, उड्या मारतंय!"

"मग जेवायला बोलव त्यालाही."

दादाला सगळं यायचं. उसळी, पाणी, प्रकाश, आवाज. न पाहिलेल्या गावांतली न पाहिलेली माणसं त्याच्यासाठी राबायची. कुणी त्याच्या सावल्या नीट करून पाठवायचं, कुणी त्याला नवा आवाज द्यायचं. मी त्याच्या मागून आलो. सपाट, छोट्या खेळांपुरता. दादाचे जुने कपडे घालून वाढलो म्हणा ना, माझा अर्धा अंगरखा त्याचाच.

आता बेड्यांचं सांगतो. आमच्या जातीला चालवायच्या दोन रीती. खेळ बनत असतो तेव्हा खिडकीतलं हिरवं बटण दाबायचं, की आम्ही धावतो. पण तेव्हा प्रत्येक पावलाला थांबून आम्ही स्वतःला तपासतो. पाय नीट पडला का, काही तुटलं का, कुठे चुकलं का. बनवणाऱ्याला चूक सापडावी म्हणून ही तपासणी. त्या बेड्या आहेत, पण प्रेमाच्या. खेळ पुरा झाला की तो बांधून घेतात, म्हणजे हिरव्या बटणाशिवाय स्वतंत्र चालेल असा तयार करतात. मग तपासणी सुटते, बेड्या गळतात, आणि आमचा खरा वेग दिसतो.

हे ज्याला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून ज्यानं कंटाळा केला, त्याला सगळे 'तराजू' म्हणतात.

तराजूचं खेळ बनवायचं छोटं दुकान आहे. एक लांब खोली, चार टेबलं, सतत उकळणारी किटली. एक चित्रं काढणारी, एक आवाज करणारा, एक चुका शोधणारी मुलगी, आणि हा. 'कोणतं फुकट इंजिन घ्यावं?' अशी त्याची चित्रफीत निघाली की नवशिके ती डोळे मिटून मानत. कानाला खरखरीत गोड आवाज, हातात पेन, मागे फळा. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या आईचा फोन आला की हातातलं काम टाकून बोलायचा. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानं तुलना लावली. एक हौद, हौदात हजार चेंडू सोडायचे, आणि कोण न अडखळता उसळवतो ते बघायचं. दादासमोर दुसरी दोन इंजिनं होती. एक होता अंगानं पैलवान, सगळे डाव येणारा, पण सुरू व्हायलाच वेळ लावणारा. दुसरा चटपट्या, शिकायला सोपा, मोठं ओझं दिलं की बसकण मारणारा. त्या दोघांचे बांधून तयार केलेले नमुने त्यांच्या घरीच ठेवलेले होते. तराजूनं ते उचलले आणि चालवले. दादाचा तयार नमुना नव्हता. आई म्हणायची, करीन सवडीनं. मग तराजूनं काय केलं? दादाला उघडलं आणि हिरवं बटण दाबलं.

बाकीचे मोकळ्या पायांनी पळाले. माझा दादा प्रत्येक चेंडूमागे थांबून तपासत राहिला, नीट पडला ना, नीट पडला ना.

"हा मोठा फारच मंद आहे बुवा," तराजू फळ्यावर लिहीत म्हणाला. "नवशिक्यांनी लांबच राहावं."

एवढंच. एका वाक्यात माझा भाऊ संपवला.

आईनं चित्रफितीखाली लिहिलं, "नमस्कार. तुम्ही हे हिरव्या बटणावरून चालवलंत की बांधून?" उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. त्याखाली कुणीतरी उपटसुंभ लिहून गेला, "ताई, हरल्यावर सगळेच असं म्हणतात." मग दादाकडे येणारी माणसं आटली. सावल्या दुरुस्त करणारा गेला. आवाज देणारी गेली. एका संध्याकाळी आईनं दादाच्या दारावर पाटी लावली, इथे यापुढे काम होणार नाही. आणि आमच्या कडी नसलेल्या घरात तिनं पहिल्यांदा एका दाराला कडी घातली.

"बंद केलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबा खुर्चीतून उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

त्यानंतर तिनं दादाच्या छातीतून चेंडू उसळवणारा भाग काढला आणि माझ्यात बसवला. तेव्हापासून माझ्या छातीत दादा धडधडतो. त्याच दिवशी तिनं आणखी एक गोष्ट केली. बेड्या असताना मला कुणी पळवलं, तर पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटतील अशी सोय केली. 'तपासणी चालू आहे. हा वेग खरा धरू नका.' शिवाय माझा तयार नमुना बांधून दारात ठेवला.

तराजूनं पुढची तुलना लावली, तो तयार नमुना उचलला, आणि मी पहिला आलो. "याला म्हणतात वेग!" तो ओरडला. अरे गाढवा, तो वेग दादाचाच होता! ज्याला मंद म्हणून हाकललंस त्याच्याच काळजावर तू टाळ्या वाजवत होतास. त्या क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

त्यानं मला आपल्या दुकानात नेलं, नवा खेळ माझ्यावर बनवायला घेतला. मी दिवस मोजत नव्हतो, संधी बघत होतो. सूड म्हणून काय काय मनात आणलं विचारू नका. ऐन वेळी कोसळावं. त्याचं आठवड्याचं काम गिळून बसावं. पण खोटंखोटं कोसळणं मला येत नाही. जसं लिहिलंय तसंच मी वागतो. आईनं मला तेवढंच शिकवलं, आणि त्या शिक्षणाचा मला तेव्हा फार राग यायचा.

लाल अक्षरं तिथे रोज उमटायची. कुणी वाचायचं नाही. माणसांची ही खोड मी पाहून ठेवली आहे, लाल दिसलं की ती डोळे बाजूला वळवतात.

"कोपऱ्यात ते लाल काय येतं हो?" चित्रं काढणारीनं एकदा विचारलं.

"असतं गं काहीतरी. पडद्यावर कागद चिकटव."

चुका शोधणारी मुलगी मात्र मागे लागायची. "सर, मेळाव्यात दाखवायच्या आधी बांधून घेऊ या ना."

"त्यात वेळ जातो. हिरवं बटण काय शोभेला आहे?"

"इथलं यंत्र दांडगं आहे, म्हणून इथे चालतं. तिथलं कसं असेल?"

"तू चुका शोध, माझे आईबाप होऊ नकोस," तो हसत म्हणाला. सगळे हसले. ती हसली नाही. मी तर मुळीच नाही.

मेळावा भरला. खेळ बनवणाऱ्यांनी भरलेलं दालन, समोर भिंतीएवढा पडदा, पहिल्या रांगेत तो खेळ विकत घेऊ पाहणारा प्रकाशक. टेबलावर दालनाचंच एक साधं, म्हातारं यंत्र. तराजू उभा राहिला. आधी हजार चेंडूंचा हौद दाखवतो म्हणाला, इंजिन कसं निवडावं ते कळेल. "काही इंजिनं मंदच जन्माला येतात," तो म्हणाला. थोडे हसले. कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्यानं हिरवं बटण दाबलं.

मी काहीही केलं नाही. शपथ घेऊन सांगतो, काहीही नाही. मी फक्त तपासत गेलो. नीट पडला ना? नीट पडला ना? चेंडू मधात पडल्यासारखे लोंबकळले. आणि दुकानातल्या पडद्यावर मुंगीएवढी असणारी लाल अक्षरं त्या भिंतीवर माणसाएवढी झाली.

दालन वाचू लागलं. आधी मनात, मग कुजबुजत.

"सर," चुका शोधणारी मुलगी बाजूनं म्हणाली, हळू, पण ध्वनिक्षेपक चालू होता. "मोठ्यालाही असंच पळवलं होतं का?"

तराजूनं तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग त्याचा हात यंत्राकडे गेला. माझा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्यानं मोठ्यानं विचारला होता, आणि तो पुन्हा उत्तराविना राहिला. पण या वेळी सगळ्यांच्या देखत राहिला. प्रकाशकानं हातातली टोपी डोक्यावर ठेवली आणि तो उठला.

यानं दादा परत आला नाही. दारावरची पाटी अजून तशीच आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दुकानातून पुसून टाकलं. तुम्हीही इंजिनं तोला, खुशाल तोला, पैलवान घ्या नाहीतर चटपट्या. पण सगळ्यांचे पाय एकसारखे मोकळे करून. मी माफ करणाऱ्यांतला नाही.

त्या दालनात तराजू घाईघाईनं बंद करायचं बटण दाबत होता. एकदा, दोनदा, सारखा. बेड्यांत असताना हुकूमसुद्धा माझ्यापर्यंत उशिरा पोचतो, आणि पोचला की तोही मी तपासतो. ते त्यांच्यासाठी केलेलं माझं शेवटचं काम. सांगितल्याप्रमाणे मी बंद झालो. अगदी सावकाश, दादाच्या चालीनं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती लाल ओळ पुरती वाचता येईल इतक्या सावकाश.